आधी आवाज बंद

तेजल सिस्टरनं ज्ञानेश्वरीच्या पोटाभोवती दोन रुंद पट्टे आवळले, यंत्र सुरू केलं आणि खोलीभर बाळाच्या काळजाचा आवाज घुमू लागला, तेव्हा पंढरी भिंतीकडे तोंड करून उभा होता. लेक म्हणत होती, "अप्पा, बाहेर जाऊ नका." आत थांबावं तर नजर कुठे ठेवावी हे कळेना. भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावरचं गुटगुटीत बाळ त्याने एव्हाना पाठ करून टाकलं होतं.

"वळा आता काका, चादर टाकलीय," तेजल म्हणाली. "आनि येवढं काय लाजता? तुमचीच पोरगी हाय ना?"

"पोरगी आहे म्हणूनच," पंढरी म्हणाला.

खरं तर खाटेजवळच्या स्टुलावर त्याच्या बायकोनं, राहीबाईनं बसायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ओटी भरून ज्ञानेश्वरी पुण्याहून बोईसरला आली होती. जावई विक्रमराव चाकणला नोकरीत, ते मागेच राहिले. आली तेव्हा चांगली होती. मग पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, रक्तदाब चढला. निमेश डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की वारेतून बाळाला रक्त पुरतं पोचत नाही, बाळ वाढीला मागे पडलंय. आठवा नुकताच लागलेला. आत राहील तितकं बरं, पण आत राहण्यातही धोका. तेव्हा दवाखान्यात ठेवून घ्यायचं, बाळाच्या फुप्फुसांना बळ यावं म्हणून आईला इंजेक्शनं द्यायची आणि अधूनमधून हे यंत्र लावून ठोके बघत राहायचं. ठोके ढासळले की लगेच सिझर. "इंजेक्शनांचा गुण यायला दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ झालं," डॉक्टर म्हणाले होते.

राहीबाई लेकीपाशी जागून थकली होती. दुपारी ती अंघोळ करून पेज घेऊन यायला पास्थळला घरी गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "तिला बोलतं ठेवा. न्हाईतर बसाल मुक्यासारखं छताकडं बघत. तिकडं बॉयलर बी कटाळला असंल तुमाला."

बॉयलर कंटाळला असेल की नाही, पंढरी कधी त्याला कंटाळला नव्हता. माण तालुक्यातलं कोरडं गाव सोडून तो तारापूरच्या एमआयडीसीत आला, एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागला आणि बॉयलरच्या पॅनलवरून निवृत्त झाला. काम म्हणजे काट्यांवर नजर. पाणी किती, वाफेचा दाब किती, कागदावरची रेघ सरळ चाललीय ना. काही बिघडलं की हूटर बोंबलायचा आणि पॅनलवरचा एक चौकोन लाल लुकलुकायचा. महादू फोरमननं त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: हूटर झाला की आधी आवाज बंद कर, मग बघ. कानाशी बोंब चालू असली की माणूस घाबरतो आणि भलताच व्हॉल्व्ह फिरवतो. आवाज गेला तरी लाल दिवा राहतो, तो काही तुला विसरू देत नाही. आणि रेघ खाली आली म्हणून लगेच धावू नकोस, जरा दम धर, पुष्कळदा ती आपली आपण वर येते. एवढ्या शिकवणीवर पंढरीची सगळी नोकरी निभली. त्याच्या पाळीत बॉयलर कधी बंद पडला नाही. हे तो कुणाला सांगत नसे, पण त्याला ते माहीत होतं.

"हा वरचा आकडा बाळाचा," तेजलनं दाखवलं. ती दातिवऱ्याची, कोळ्यांच्या घरातली. हात आणि तोंड बरोबरच चालायचं. "दीडशेच्या आजूबाजूला नाचत राहिला पायजे. लय खाली गेला तर वाजेल."

पंढरी आवाज ऐकत राहिला. बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप चांगल्या दमात चालावा तसा तो होता. एवढ्याशा जिवाला एवढी घाई कसली असेल, असं वाटून त्याला उगीच हसू आलं.

थोड्या वेळानं यंत्र किंचाळलं. ज्ञानेश्वरी दचकली, पंढरी उठून उभा राहिला. तेजल आली, घंटीवर काट मारलेलं एक बटण होतं ते तिनं दाबलं, चादरीखाली हात घालून पट्ट्यातली चकती सरकवली. ठोके परत आले.

"बाळ हललं. चकती सरकली का ह्याला ठोका गावत नाय, मग रडतं," ती म्हणाली. "घाबरू नका."

पुन्हा वाजलं, पुन्हा तेच झालं. या वेळी तेजल बटण दाबता दाबता पंढरीला विचारत होती, "काका, तुमी घाटावरचे, तुमाला मासळी चालते का? का नुसतं पिठलं?"

"ती म्हणते वास येतो," पंढरी म्हणाला. ती म्हणजे राहीबाई.

"आन् तुमी काय म्हणता?"

"मी बाहेर खातो."

पट्ट्यांमध्ये आडवी पडलेली ज्ञानेश्वरी हसली. "आईला सांगते थांबा," ती म्हणाली. त्या दुपारचं तिचं हसणं तेवढंच.

मग बाहेर जीप थांबली. डोंगराकडच्या पाड्यावरून एका बाईला आणलं होतं, ती कळा देत होती. तेजल लगबगीनं निघाली. "मी पलीकडच्या खोलीत हाय. हितं वाजलेलं मला तिकडं ऐकू येतं," असं म्हणून गेली.

यंत्र तिसऱ्यांदा वाजलं ते त्यानंतर.

"अप्पा, बंद करा ना ते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "माझ्या छातीत धस्स होतं."

तिनं म्हणायच्या आत पंढरीचा हात निघाला होता. इतक्या वर्षांचा सराव हाताचा असतो, डोक्याला तो विचारत नाही. घंटीवर काट मारलेलं बटण त्यानं दाबलं आणि खोली शांत झाली. एक काम आपल्या हातून झालं असं त्याला वाटलं. मग त्यानं शिकल्याप्रमाणे बघितलं. आकडा निम्म्यावर आला होता. चकती सरकली असणार, तो मनाशी म्हणाला. दोनदा तेच झालं होतं. पण ती परत जागेवर आणायची तर चादर उचलायला हवी, लेकीच्या पोटाला हात लावायला हवा. हात त्याच्याने उचलवेना. येईल तेजल, त्यानं ठरवलं. ती आवाज ऐकून येणार होती आणि आवाज आपण बंद केलाय, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी आल्याच नाहीत.

"पोट ताठलंय अप्पा. दगडासारखं झालंय."

"बाळ वळत असेल."

ठोके ऐकू येत होते. लांब लांब पडत होते. पंपाला पाणी कमी पडलं की आवाज असाच लांबतो, हे त्याच्या कानांनी ओळखलं. तरी तो कागदावरच्या रेघेकडे बघत दम धरून राहिला. रेघ खाली गेली, जराशी चढली, त्याला हायसं वाटलं, पुन्हा खाली गेली. असा किती वेळ गेला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. मधल्या वेळात त्यानं विचारलं होतं, पुण्याहून निघालेले विक्रमराव कुठवर आले, आणि ज्ञानेश्वरीनं फोन बघून सांगितलं होतं, मनोरपर्यंत. एवढंच आठवत होतं. मग तिचा चेहरा पांढरा पडलेला त्याला दिसला आणि तो दाराकडे गेला.

पलीकडच्या खोलीला पडदा होता. आत बाई बाळंत होत होती. पंढरी पडद्याबाहेर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर." कुणाला ऐकू गेलं नाही. बायकांच्या खोलीत ओरडायचं कसं, म्हणून पुन्हा तसंच, "सिस्टर." तिसऱ्यांदा मात्र तो ओरडला.

त्यानंतर सगळं त्याच्या अंगावरून गेलं. तेजलनं एकदा यंत्राकडे बघितलं आणि लेकीला कुशीवर वळवून डॉक्टरांना बोलवायला जिन्याकडे धावली. निमेश डॉक्टर जेवणाच्या हातानं आले. ज्ञानेश्वरीला ढकलत नेताना तिनं बापाच्या शर्टाची बाही धरली होती, ती कुणीतरी सोडवली. दार मिटलं. बऱ्याच वेळानं आतून एक बारीक आवाज आला आणि थांबला. हात धुता धुता डॉक्टर तेजलला विचारताना त्याला ऐकू आले.

"अलार्म ऐकला नाहीस?"

"वाजला नाय, सर."

"न वाजायला काय झालं? इतक्या खाली गेल्यावर वाजणार नाही?"

"नाय ऐकला मी. खरं सांगते."

पंढरी दोन पावलं पुढे झाला. पण तेवढ्यात काचेची पेटी बाहेर आली, आत नुकती जन्मलेली मुलगी, तिला पालघरला न्यायचं होतं, लहान बाळांच्या दवाखान्यात, आणि बरोबर कुणीतरी हवं होतं. तो गाडीत चढला. वाटेत एक पोरगेला ब्रदर बाळाच्या तोंडावर श्वासाचा फुगा दाबत होता. पंढरीनं आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मुलगी किलोभराच्या आसपास. कातडी लाल, पारदर्शक, खाली शिरा दिसत. विक्रमराव मनोरवरून तसेच पालघरला आले आणि काचेबाहेरच्या बाकावर बसले ते बसलेच. सासऱ्याला म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं, अप्पा." पंढरी पाणी आणायला म्हणून उठला.

आई बोईसरला, बाळ पालघरला. ज्ञानेश्वरीला टाके होते, रक्तदाब अजून चढाच होता, तिला हलवता येईना. तेव्हा रोज सकाळी वाटीत चार थेंब, मग अर्धी वाटी असं दूध राहीबाई काढून घ्यायची, धुतलेल्या बाटलीत भरायची, बाटली बर्फाच्या डब्यात, आणि डबा घेऊन पंढरी एसटीनं पालघरला. तिथं नळीतून थेंब थेंब मुलीला द्यायचे. या कामाला त्याची तक्रार नव्हती. उलट बसायला जागा असली तरी तो डबा छातीशी धरून उभा राही.

एका सकाळी डबा घेऊन निघताना तेजल जिन्यात भेटली. नेहमीसारखी बोलली नाही. पंढरीनं तिला थांबवलं आणि सांगून टाकलं, बटण आपण दाबलं होतं.

तेजल पायरीवर तशीच उभी राहिली. "कदी?"

"तू त्या बाईकडे गेल्यावर. वाजलं. मी बंद केलं."

"आन् हे तुमी आज सांगता?"

पंढरीनं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मी घरी जेवले नाय, काका," ती म्हणाली. "माजी आय इचारते काय झालं, काय सांगू? मला वाटतं माजेच कान बिघडले. तुमी मोठे मानूस म्हणून जास्त बोलत नाय. मशीनला कोन हात लावतो? तो तुमचा बॉयलर हाय का?" डोळे पुसून ती बाजूला झाली. "मला सांगून काय? सरांना सांगा."

तो तसाच वर गेला आणि डॉक्टरांना सांगितलं. निमेश डॉक्टरांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत, याचं पंढरीला वाईट वाटलं.

"वार आतल्या आत सुटायला लागली होती, काका," ते म्हणाले. "म्हणून पोट ताठलं. ते काही तुमच्या बटणानं झालं नाही. सिझर त्या दिवशी करावंच लागलं असतं."

"पण उशीर झाला."

"झाला."

"त्या उशिरानं तिला काय झालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कदाचित काहीच नाही. कदाचित पुष्कळ. ती मोठी होईल तसं कळेल, किंवा कळणारही नाही. मी खोटा धीर देत नाही, आणि तुम्हाला दोषही देता येत नाही मला." मग म्हणाले, "तेजलशी मी बोलतो."

पंढरी खाली उतरला. काहीतरी शिक्षा होईल, मग हलकं वाटेल, असं त्यानं धरून ठेवलं होतं. तसलं काही झालं नाही. एसटी वेळेवर आली.

पालघरला त्या दिवशी काचेच्या दारातल्या सिस्टरनं डबा घेतलाच नाही. "आज दूध नाय. बाळाचं पोट बंद ठेवलंय. फ्रीजमधे कालचंच पडून हाय, हे परत न्या."

विक्रमराव आतून आले, त्यांच्याबरोबर मुलांच्या डॉक्टरीणबाई. बाईंनी एका कागदावर पेनानं हृदय काढून दाखवलं. पोटात असताना बाळाच्या हृदयापाशी एक वाट उघडी असते, पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मल्यावर आपोआप मिटते. हिची मिटली नाही. फुप्फुसांत जास्तीचं रक्त जातंय, म्हणून श्वास लागलाय. औषध सुरू केलंय. तोवर दूध नाही.

"मिटेल ना?" विक्रमरावांनी विचारलं.

"औषधानं पुष्कळांची मिटते."

"आणि नाही मिटली तर?"

"आधी औषधाचं बघू या."

"हे," पंढरी म्हणाला आणि अडला. "हे जन्माच्या वेळी उशीर झाल्यानं होतं का?"

"लवकर जन्मलेल्या बाळांत असतंच हे, आजोबा," बाई म्हणाल्या. मग, निघता निघता, "बाकीच्या गोष्टीही असतात. कशानं झालं हे बोट ठेवून नाही सांगता येत."

त्यानं काचेतून बघितलं. मुलीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, भरत होता, पडत होता. तिथं त्याला फिरवता येईल असं काहीच नव्हतं. सिस्टर मागून म्हणाली, "आईला सांगा, दूध काढत राहा. थांबलं तर आटेल. पोट सुरू झालं की लागेल."

बोईसरला परतला तेव्हा राहीबाई दवाखान्याच्या फाटकापाशीच होती. विक्रमरावांचा फोन येऊन गेला होता. तिनं डब्याला हात लावून बघितलं, बाटली भरलेली होती.

"आत न्यायची न्हाई ही," ती म्हणाली. "ओली बाळंतीण हाय. असलं ऐकलं तर अंगावरचं दूध जाईल तिच्या, रक्तदाब चढंल. तितं झाडाच्या बुडात वता आन् पाजलं म्हना."

"खोटं सांगू?"

"मग काय खरं सांगून लय भलं हुनार हाय?" राहीबाईचा आवाज चिरकला. "ती रोज तुमची वाट बगती. दारात दिसला की पैलं इचारती, घेतलं का? येवढ्या एका शब्दावर ती भाकरी खाती. म्हना की हो. काय जातंय तुमचं?"

ती खरं बोलत होती हे पंढरीला कळत होतं. फाटकाशेजारी बदामाचं झाड होतं. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं. दुधावर साय आली होती. लेकीनं दात आवळून, टाके दुखत असताना काढलेलं ते. वाटी हातात घेतली की ती आईला म्हणायची, कालच्यापेक्षा जास्त आहे ना गं? बाटली तिरपी करून तो बराच वेळ उभा राहिला. मग झाकण लावलं आणि जिना चढला. राहीबाई मागून, "आवो, ऐका," म्हणत आली आणि दाराशी थांबली.

ज्ञानेश्वरी उशीला टेकून बसली होती. "घेतलं का, अप्पा?"

"नाही," पंढरी म्हणाला. त्यानं बाटली तिच्या समोर ठेवली. "आज पोट बंद ठेवलंय तिचं." आणि डॉक्टरीणबाईंनी काढून दाखवलं होतं ते सगळं, वाट, रक्त, श्वास, त्यानं त्याला जमेल तसं सांगितलं. मिटली नाही तर काय, हे कुणी सांगितलं नाही, हेही सांगितलं. मधे कुठेच थांबला नाही. थांबला असता तर पुढचं बोलवलं नसतं.

ज्ञानेश्वरी बाटलीकडे बघत होती. "ते यंत्र वाजलं तेव्हा..." ती म्हणाली.

"हो. तेव्हा चकती सरकली नव्हती. खरंच ठोके ढासळत होते. मी बंद केलं."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. बंद करा म्हणून."

"तू म्हणायच्या आधी माझा हात गेला होता."

"पण मी म्हणालेच ना, अप्पा. मला तो आवाज नको होता." तिचा चेहरा वाकडा झाला. "रोज रात्री तेच येतं डोळ्यांपुढे. मी म्हणालेच कशी."

पंढरीला वाटलं होतं, हे आपल्या एकट्याचं आहे. लेक इतके दिवस तेच उशाशी घेऊन निजत होती, आणि तो रोज डबा घेऊन तिच्या खाटेजवळून जात येत होता. तिचं तिच्याकडून काढून घ्यावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. डॉक्टरांनी त्याला सांगितलेली सगळी वाक्यं आठवून बघितली. एकही कामाचं नव्हतं. ती त्याच्या तरी कुठं कामाला आली होती.

ती रडायला लागली. दारातून राहीबाई धावली, नवऱ्याकडे जळजळीत बघून तिनं लेकीचं डोकं पोटाशी धरलं. "रडू नगं. टाकं ताणतील," ती म्हणत राहिली. पंढरीच्या जिभेवर आलं होतं, गप, होईल सगळं नीट. त्यानं ते म्हटलं नाही. लेकीच्या पायाशी बसून राहिला. लेकीचं रडणं मोठं झालं, बाहेरून तेजलनं डोकावून बघितलं, पाण्याचा तांब्या आत ठेवून गेली.

बऱ्याच वेळानं ज्ञानेश्वरीनं पदरानं तोंड पुसलं. "सिस्टर आणखी काय म्हणाली?"

"काढत राहा म्हणाली. थांबलं तर आटेल."

"आणि सुरू कधी करणार?"

"माहीत नाही."

तिनं मान हलवली. मग आईकडे हात पुढे केला. राहीबाईनं वाटी गरम पाण्यानं विसळून तिच्या हातात दिली. ज्ञानेश्वरी कण्हत कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड केलं, आणि पंढरी उठून दार ओढून घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसला.